हवेच्या दाबावर पुष्पवृष्टी

आमच्या कॉलनीच्या सर्वसाधारण सभेत अकरा वर्षांत मी एकदाच तोंड उघडलं, आणि त्या एका वाक्यापायी मला पोलीस ठाण्याच्या बाकावर साडेचार तास बसावं लागलं. वाक्य अगदी साधं होतं. "हवेच्या दाबानं फुलं वर उडवता येतील." यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे, ते मला आजतागायत कळलेलं नाही. हवा आहे, दाब आहे, फुलं आहेत. पण आपल्याकडं माणूस बोलला की त्याच्या नावावर ठराव होतो.

साल अठ्ठ्याहत्तर. कळंब्याच्या वाटेवर आमची चाळीस घरांची कॉलनी. तिथं पाण्याची नवी टाकी उभी राहिली होती. चार खांबांवर गोल, पांढरी, पोटावर निळ्या लाटा रंगवलेली. टाकी होती, खाली चकचकीत पितळी नळ होता. टाकीत पाणी यायला जी पाइपलाइन लागते, तेवढी मंजुरीत अडकली होती. तोवर बायका पाऊण मैलावरच्या मळ्यातनं घागरी आणायच्या, आणि तिसऱ्या दिवशी टँकर आलाच तर त्याच्यामागं धावायच्या. त्या धावण्यात माझी बायको अंबू कॉलनीत दुसरी यायची. पहिल्या यायच्या शेजारच्या झुंबरबाई. वय बासष्ट.

पाण्याशिवाय टाकीचं उद्घाटन कसं करायचं, हे कुणी विचारलं नाही, कारण उद्घाटनाला एक नामदार यायचे ठरले होते. त्यांचं खातं सांगत नाही, कारण ते पुढं तीनदा बदललं. नाव सांगत नाही, कारण मला पुन्हा त्या बाकावर बसायचं नाही.

आमचे चेअरमन बापूसो. वारणानगरच्या कारखान्यात अठरा वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. आवाज असा की समोरच्यानं दोन पावलं मागं सरूनच ऐकावं. त्यांनी सभेत विषय मांडला, "हार घालून आता कुठला मंत्री खूश हुईत न्हाय. कुठं तर म्हनं एका पुढाऱ्यावर इमानातनं फुलं टाकली. आपल्यालाबी पुष्पवृष्टी पायजे. वरनं. नामदार खूश झालं की पायपाचा कागूद हाललाच म्हनून समजा!"

मग 'वरनं' म्हणजे कुठनं, यावर तासभर चर्चा झाली. टाकीवर चार माणसं बसवावीत, अशी एक सूचना आली. पण टाकीचा कंत्राटदार सभेला हजर होता. तो घाईघाईनं उठून म्हणाला, "उद्घाटन होईस्तवर टाकीवर वजन टाकू नका." यावरही कुणी प्रश्न विचारला नाही.

आणि नेमकं तेव्हा मी ते वाक्य बोललो. बापूसो म्हणाले, "गणपतराव म्हंजे सरकारी कचेरीतलं मानूस. इचार करूनच बोलनार. ठराव मंजूर!"

घरी आलो तर अंबूला बातमी आधीच पोचली होती. ती म्हणाली, "घरातल्या स्टोला पंप माराय जमत न्हाय तुम्हास्नी. मंत्र्यावर फुलं कशी मारनार?"

मी तिला सांगितलं की स्टोव्ह ही वेगळी गोष्ट आहे आणि विज्ञान ही वेगळी. ती नुसती स्टोव्हकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी यंत्राचं चित्र काढून लक्ष्मीपुरीत धनपालशेठच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. चित्रात एक टाकी, एक जाड नळी, मध्ये एक कॉक आणि बाहेर पडणारी पाच फुलं होती. फुलं मला चांगली जमली होती. धनपालशेठ जैन, सज्जन, दोन्ही वेळा देवळात जाणारा माणूस. त्यानं चित्र उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, "ह्यातनं कुनाचा जीव तर जानार न्हाय न्हवं?"

"फुलं उडवायची आहेत, शेठ."

"फुलात मुंग्या असत्यात की."

मुंग्या झाडून घेईन, असं त्यानं माझ्याकडनं कबूल करून घेतलं, तेव्हा कुठं नळ्या दाखवायला काढल्या. तेवढ्यात दुकानातली तीन गिऱ्हाइकं आपापली खरेदी सोडून माझ्या चित्राभोवती जमली. एक म्हणाला, नळी पितळी घ्या, नाद चांगला येतो. दुसरा म्हणाला, एवढं कशाला, लोहाराकडचा भाता आणा. तिसरा नुसता "पावणं, चुकलासा" एवढंच म्हणायचा. काय चुकलं ते सांगायचा नाही. शेवटी धनपालशेठ हळूच म्हणाला, "गणपतराव, ही नळी मी पान्यासाठी म्हनून देतोय. ध्यानात असू द्या." ही सावधगिरी मला तेव्हा बुरसटलेपणाची वाटली होती.

पहिलं यंत्र मी स्वतः केलं. औषधफवारणीची पितळी टाकी, सायकलचा पंप आणि पाण्याच्या नळाचा कॉक. परसदारी प्रयोग लावला. झुंबरबाई कुंपणावरनं बघत होत्या. मी दीडशे वेळा पंप मारला, घाम पुसला आणि गंभीर चेहऱ्यानं कॉक फिरवला. नळीतनं म्हाताऱ्या माणसानं उसासा टाकावा तसा आवाज आला आणि तोंडाशी आलेली एक झेंडूची पाकळी हलकेच माझ्या पायावर पडली.

"पाया पडली बगा," झुंबरबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून कॉलनीत कुणीही भेटला की विचारायचा, "काय गणपतराव, फुलं पडत्यात न्हवं पायावर?" कचेरीतसुद्धा विचारायला लागले. तेव्हा नाइलाजानं मी मीरासाबकडं गेलो.

मीरासाब म्हणजे कळंब्याच्या रस्त्याला लिंबाखाली वेल्डिंगचं दुकान टाकलेला मिस्त्री. इंजिनं, मोटरी, मळणीयंत्रं, सगळं दुरुस्त करायचा. कमी बोलायचा, कारण तोंडात कायम एखादा बोल्ट धरलेला असे. त्यानं माझं यंत्र हातात घेतलं, टाकीवर एक टिचकी मारली आणि तोंडातला बोल्ट काढला.

"भाऊसाब, ही टाकी औषद माराय हाय. हिच्यात दाब भरला असता तर फुलं न्हाय, तुमी उडाला असतासा."

मग त्यानं माझं सगळं यंत्र बाजूला ठेवलं, माझ्या चित्रातली पाच फुलं तेवढी निरखून बघितली आणि कामाला लागला. कुठनं तरी ट्रकच्या ब्रेकची जुनी लोखंडी हवेची टाकी आणली. धनपालशेठच्या नळीला बूड बसवलं. झटक्यात उघडणारी झडप स्वतः कातून काढली. रोज संध्याकाळी कचेरी सुटली की मी त्याच्याजवळ स्टुलावर बसून सूचना करायचो. तो त्या ऐकायचा आणि बरोबर उलटं करायचा. आठ दिवसांत यंत्र उभं राहिलं. दोन चाकांवर, तिरपी नळी आभाळाकडं रोखलेली. मीरासाबनं झडप ओढली, 'धप्प' झालं आणि टोपलीभर सुक्या पाकळ्या लिंबाच्याही वर जाऊन सावकाश, फिरत फिरत खाली आल्या. रस्त्यानं जाणारी एक म्हैस थांबून बघायला लागली.

मीरासाब वर बघत हसत होता. डोक्यावर, मिशांवर पाकळ्या. "जमलं की वो," तो म्हणाला.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. त्या दिवसापासून मी सगळीकडं "माझं यंत्र" असंच म्हणायला लागलो. 'पुष्पवर्षक' असं नावही मीच ठेवलं. कुणी विचारलं, "मीरासाबनं केलं न्हवं?" तर मी म्हणायचो, "जोडकाम त्याचं. कल्पना आमची." हा वाक्प्रयोग मी कचेरीतल्या साहेबांकडनं उचलला होता. मसुदा आमचा असायचा, कल्पना त्यांची.

बापूसोंना यंत्र पसंत पडलं, पण त्यांच्या अंगात चेअरमन होता. "मंत्र्याच्या समोर तोफ उभी करायची म्हंजे लेखी परवानगी पायजे," ते म्हणाले. म्हणून मी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. टेबलाशी हवालदार कृष्णात बसले होते. त्यांच्यापुढं तीन प्रकारचे छापील फॉर्म होते: लाउडस्पीकर, मिरवणूक आणि वाद्य.

"आत दारू हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही. हवा आहे."

"कुनाची?"

"म्हणजे?"

"न्हवं, शिलेंडरची का कशी?"

"आपलीच. बाहेरची. पंपानं भरायची."

"बाहेरची म्हंजे रस्त्यावरची," कृष्णात विचारात पडले. "रस्ता आमच्याकडं हाय. हवा कुनाकडं हाय ते बगाय लागंल." त्यांनी आत जाऊन विचारलं. हवेचं खातं तिथं कुणालाच माहीत नव्हतं. ते परत आले. "आवाज येतो?"

"थोडासा."

"कसा?"

मी तोंडानं 'धप्प' करून दाखवलं. त्यांनी पुन्हा करायला लावलं. शेजारच्या खोलीतनं दोन शिपाई ऐकायला आले, म्हणून तिसऱ्यांदा केलं. सरकारी नोकरीत वीस वर्षं काढलेल्या माणसानं पोलीस ठाण्यात उभं राहून तोंडानं धप्प धप्प करावं, हे मला शोभलं नाही. पण काम अडलं होतं.

"हवा मारली की वाजतं," कृष्णात म्हणाले. "मग सनईच की! मिटलं." आणि त्यांनी वाद्याच्या फॉर्मवर लिहिलं: 'फुंकून वाजवण्याचे वाद्य, एक नग. वादक: गणपतराव.' खाली छापील अट होती की वादकानं मद्यप्राशन करून वाजवू नये. मी सही केली.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मांडव पडला, बँड आला, नळाला हार घातला. बापूसोंनी सकाळी दोन घागरी पाणी टाकीत ओतवलं होतं, म्हणजे नामदारांनी नळ फिरवला की धार पडेल, फोटो निघेल. मीरासाब पहाटेपासून यंत्रापाशी होता. त्यानं मला दहादा बजावलं, "सुक्या पाकळ्या. सैल भरायच्या. दुसरं कायबी घालू नगासा."

नऊ वाजता बापूसो आले, मीरासाबकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "मिस्त्री, कापडं तेलकट हाईत. फोटोत येतील. तुमी मांडवाच्या मागं थांबा."

मीरासाबनं माझ्याकडं बघितलं. मी नवा शर्ट घातला होता आणि खिशाला बिल्ला लावला होता. मी बिल्ला सरळ केला. मीरासाब मांडवाच्या मागं गेला.

तो गेल्यावर यंत्राचा ताबा समितीनं घेतला. बापूसो म्हणाले, पाकळ्या बारक्या दिसत्यात, अख्खा झेंडू घाला. कुणीतरी म्हणालं, फुलं कोमेजतील, पाणी शिंपडा. पाणी शिंपडलं. कुणीतरी म्हणालं, कोल्हापुरात गुलालाशिवाय शुभकार्य होत नाही. दोन पुडे गुलाल घातला. मग हे सगळं मावेना, म्हणून बापूसोंनी स्वतः मुसळानं ठेचून बसवलं. मी "अहो, पण" असं दोनदा म्हणालो. सभेत बोलायची सवय नसल्यामुळं मला तिथून पुढं जाता आलं नाही.

अकराला नामदार आले. पांढरे शुभ्र कपडे, पांढरी टोपी, बरोबर अंगरक्षक, पीए आणि दोन वार्ताहर. बापूसोंनी इशारा केला की झडप ओढायची, असं ठरलं होतं. नामदार नळापाशी गेले. नळावरच्या हाराला हात घालायला वाकले. बापूसोंनी नाक खाजवलं. मला तो इशारा वाटला.

'धप्प' झालं नाही. असा काही आवाज झाला की टाकीवर बसलेले कावळे कळंब्याच्या तलावाकडं निघून गेले. नळी मागं हिसकली, तिचं तोंड खाली आलं आणि पुष्पवृष्टी आभाळाकडं न जाता, ओल्या झेंडूचा आणि गुलालाचा मिळून नारळाएवढा एक गोळा होऊन सरळ नामदारांच्या छातीवर बसली. टोपी उडाली. कपड्यांवरनं लालभडक ओघळ खाली यायला लागले.

नामदारांनी छातीकडं बघितलं. "मेलो!" ते म्हणाले आणि सतरंजीवर व्यवस्थित आडवे झाले.

अंगरक्षकानं त्यांच्यावर उडी घेतली. आता खरं दुखलं म्हणून नामदार आणखी मोठ्यानं ओरडले. बायका किंचाळल्या, खुर्च्या उलथल्या. बँडवाल्यांना सांगून ठेवलं होतं की मोठा आवाज झाला की वाजवायला लागा. ते इमानदारीनं वाजवायला लागले. मी झडपेची मूठ हातात धरून उभा होतो. ती तुटून आली होती.

"पाणी! पाणी आणा!" पीए ओरडला. "जखम धुवायला पाणी!"

बापूसो धावले आणि त्यांनी हारासकट नळ फिरवला. नळातनं 'फुस्स' झालं. सकाळच्या दोन घागरी नवं सिमेंट पिऊन बसलं होतं. नळाला फक्त हवा आली. त्या दिवशी कॉलनीत हवेला कमी नव्हती. बापूसोंनी नळ आणखी फिरवला, मग उलटा फिरवला, मग त्याच्याकडं नुसते बघत राहिले.

तेवढ्यात गर्दीतनं वाट काढत अंबू पुढं आली. कमरेवर घागर. तिनं अंगरक्षकाला "सरक बाबा तिकडं," म्हणून बाजूला केलं, खाली बसली, पदराचं टोक भिजवलं आणि नामदारांचं तोंड आणि गळा पुसायला लागली. लाल धुऊन गेलं. खाली धडधाकट माणूस निघाला.

"कायबी झालं न्हाय तुम्हास्नी, सायब," ती म्हणाली. "गुलाल हाय. उठा."

नामदारांनी एक डोळा उघडला. "नक्की?"

"नक्की. पन ह्ये आमचं आजचं शेवटचं पानी. आता परवा टँकर आला तर."

नामदार उठून बसले. कानात झेंडूची फुलं. आधी अंबूकडं, मग वर निळ्या लाटांकडं त्यांनी बघितलं. "या टाकीत पाणी नाही?"

कंत्राटदार दिसेनासा झाला होता. अंबूच म्हणाली, "टाकीला पायपच न्हाय. तीन वर्सं झाली, कागूद तुमच्याच टेबलाव हाय म्हनत्यात."

दोन्ही वार्ताहर खुर्चीखालनं बाहेर येऊन लिहायला लागले होते. नामदारांनी ते बघितलं. मग ते उभे राहिले, छातीवरचा गुलाल हातानं पसरून जरा बरा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माता-भगिनींनो, एका महिन्यात या नळाला पाणी आलं नाही तर मी नाव सांगणार नाही!" टाळ्या पडल्या. झुंबरबाईंनी शिटी मारली, असं मला वाटलं. पण ते बँडचं काही असेल.

मोटारीत बसता बसता नामदार पोलीस अधिकाऱ्याच्या कानाशी लागले. एवढंच ऐकू आलं: "आणि तो कोण?"

तो मी.

ठाण्यात इन्स्पेक्टरसाहेबांपुढं टेबलावर माझा परवाना होता आणि बाहेर आवारात उचलून आणलेलं यंत्र. "फुंकून वाजवण्याचे वाद्य," त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि कृष्णातांकडं बघितलं. कृष्णात भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. "ही तोफ कुणी केली?"

बापूसो जबाब द्यायला आले होते. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका हळू ऐकला. "आमचा कायबी संबंद न्हाय. ठरावात वाक्य गणपतरावांचं हाय." धनपालशेठनं पावती दाखवली. नळी पाण्यासाठी विकली होती.

"तुम्ही केली?" साहेबांनी मला विचारलं. "वेल्डिंग तर सफाईदार आहे. कुणाकडनं करून घेतलं? नाव सांगा आणि घरी जा. आम्ही त्याला बघतो."

मी कारकून माणूस. कागद कसा वाचला जातो, हे मला चांगलं माहीत आहे. माझं नाव लिहिलं तर 'एका वेड्या कारकुनाचा उपद्व्याप' होईल. मीरासाबचं नाव लिहिलं तर त्याच कागदाचं काय होईल, कुठकुठल्या टेबलावर जाईल, लोक त्यात काय काय वाचतील, ते मला बसल्या जागी दिसलं. मांडवाच्या मागं निघालेला त्याचा चेहराही दिसला. एकीकडं माझी नोकरी होती. निलंबनाचा हुकूम मी स्वतःच किती जणांचा टाइप केला होता. 

"मीच केलं," मी म्हणालो. "एकट्यानं. कल्पना माझी आणि जोडकामही माझं."

"वेल्डिंग?"

"तेही."

"कशावर?"

मला सुचेना. "घरी," मी म्हणालो. "स्टोव्हवर."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. आणि त्याच वेळी दारातनं आवाज आला, "या अल्ला! स्टोवर वेल्डिंग!"

मीरासाब दारात उभा होता. तेच तेलकट कपडे, हातात पाना. शिपायाला ढकलून तो आत आला आणि साहेबांकडं न बघता माझ्यावरच घसरला. "भाऊसाब, काय बोलालायसा ह्ये? ह्यातला एक तर सांदा तुमी मारलाय का? आठ दीस मी डोळं जाळलं आनि तुमी म्हनताय स्टोवर! कोन ऐकलं तर माझ्या दुकानात येईल का पुन्ना?"

"मीरासाब, तू गप्प बस," मी म्हणालो. "साहेब, या माणसाला मी ओळखत नाही."

"वळकत न्हाय? आठ दीस माझा चहा पिलासा!"

"यंत्र माझं आहे!"

"यंत्र माझं हाय! खराब केलं त्ये तुमच्या लोकांनी. ओला झेंडू भरलासा, ओला! सायब, माझ्या हातानं भरलं असतं तर मंत्र्याच्या डोस्क्यावर पाकळ्या पडल्या असत्या, मऊ. लिहा. मीरासाबनं केलं म्हनून लिहा."

"गणपतराव लिहा," मी म्हणालो.

साहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. आजवर त्या खोलीत गुन्हा दुसऱ्यावर ढकलणारी माणसं आली होती. गुन्ह्यावरनं आपसात भांडणारी पहिलीच असावीत. कृष्णातांना हसू आवरेना, म्हणून ते बाहेर गेले.

आमचं भांडण ऐन रंगात असताना फोन वाजला. साहेबांनी उचलला आणि ते उभे राहिले. "जी. जी साहेब. जी, नाही साहेब. जी." फोन ठेवून ते बसले आणि त्यांनी लेखणीला टोपण लावलं.

"आज काहीही घडलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. गुन्हा नोंदवायचा तर नामदार गुलालाला बघून 'मेलो' म्हणाले, हे कागदावर येणार होतं. ते नामदारांना नको होतं. "समारंभ उत्साहात पार पडला. तुम्ही दोघंही इथं आला नाहीत. निघा."

"आनि आमचं यंत्र?" मीरासाबनं विचारलं.

"कुठलं यंत्र? जप्तीची नोंद नाही. जे जप्तच झालं नाही, ते परत कसं देणार?"

 आम्ही बाहेर पडलो. कळंब्याच्या रस्त्याला लागलो. मग मीरासाब म्हणाला, "सकाळी मला मांडवाच्या मागं धाडलं, तवा तुमी कायबी बोलला न्हाईसा."

"नाही बोललो," मी म्हणालो. "बोलायला पाहिजे होतं. चुकलो."

"हां," तो म्हणाला. थोडं पुढं गेल्यावर त्याला एकाएकी हसू फुटलं. "स्टोवर," तो म्हणाला आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून डोळ्यांत पाणी येईस्तवर हसला. मीही बसलो.

पाणी महिन्यात आलं नाही. अडीच महिन्यांनी आलं. तरी आमच्या भागात ती घाईच समजली गेली. अंबूनं पहिली घागर भरली आणि सरळ मीरासाबच्या घरी नेऊन त्याच्या बायकोला, रोशनबीला, दिली. नळावर संगमरवरी पाटी बसली. तीत नामदार, बापूसो आणि कंत्राटदार अशी तीन नावं आहेत. आमचं नाव नाही, याचं मला काही वाटत नाही. पाटीसमोरनं मी रोज जातो ते रस्ता तोच आहे म्हणून.

यंत्र मात्र मीरासाबच्या मनातनं जाईना. झडप त्यानं हातानं कातली होती. म्हणून पुढच्या वर्षी एका रविवारी सकाळी आम्ही दोघं पुन्हा ठाण्यात गेलो. आवारात कडुलिंबाखाली आमची टाकी दोन चाकांवर उभी होती. तिला रबरी नळी जोडून हवालदार कृष्णात पोलिसांच्या सायकलींत हवा भरत होते. आम्हाला बघून ते जरा ओशाळले.

"लई कामाची हाय," ते म्हणाले. "खरं हवा धरंना झालीया. सारखी फुसफुसतीया."

मी परतीचा अर्ज काढण्यासाठी खिशात हात घातला. पण मीरासाब आधीच खाली वाकला होता. "वायसर उलटा घातलाय कुनी?" तो करवादला. "अशानं वाट लागंल की हिची!" तो मांडी घालून बसला, पाना काढला आणि झडप खोलायला लागला. मी शेजारी उभा राहून दोन-तीन सूचना केल्या. त्यानं बरोबर उलटं केलं. फुसफुस थांबली.

एवढ्यात आतनं नवे इन्स्पेक्टर बाहेर आले. आधीच्यांची बदली झाली होती. त्यांनी आमच्याकडं बोट दाखवून विचारलं, "ही दोघं कोण?"

कृष्णातांनी खाडकन सलाम ठोकला. "कोन न्हाईत, सायब. ह्येंची कायबी नोंद न्हाय."

मीरासाबनं पाना पुसून पिशवीत टाकला. कृष्णातांनी त्याच्या सायकलीच्या दोन्ही चाकांत गच्च हवा भरून दिली. मग मी पाठीमागं कॅरिअरवर बसलो आणि आम्ही ठाण्याच्या फाटकातनं, इन्स्पेक्टरसाहेबांच्या डोळ्यांदेखत, डबलसीट बाहेर पडलो. डबलसीट तेव्हा गुन्हा होता. आम्हाला कुणी अडवलं नाही.